मदत हवी आहे: मधल्या श्रेणीचा मेटल डिटेक्टर पुरेल की थेट वरचा घ्यावा?

सध्या नोक्ताचा सिम्प्लेक्स प्लस वापरतो. १२ किलोहर्ट्झ, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर शोधणारा. शेतात, माळावर त्याच्याबद्दल काडीची तक्रार नाही. कोरड्या वाळूतही गडी शहाण्यासारखा वागतो, पण भरतीच्या रेषेखाली ओल्या वाळूवर कॉइल (दांड्याच्या टोकाची शोधणारी तबकडी) नेली की खोट्या सिग्नलांची बडबड सुरू. बीच मोड लावा, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करणं) पुन्हा करा, तरी गप्प बसवायला सेन्सिटिव्हिटी इतकी उतरवावी लागते की खोली उरतच नाही. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीजवाहक असते, त्यामुळे हे व्हायचंच. तेव्हा पुढचं मशीन एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं, म्हणजे मल्टी-फ्रिक्वेन्सी, एवढं पक्कं.

घोडं अडलंय ते कुठलं यावर. एकीकडे मधल्या श्रेणीतला नोक्ता लेजंड, दुसरीकडे वरच्या श्रेणीतले माइनलॅब मॅन्टिकोर किंवा एक्सपी डेअस २. तिन्ही मल्टी, तिन्ही पाण्यात चालतात: लेजंड ३ मीटर, मॅन्टिकोर ५, डेअस २० मीटरपर्यंत. मी गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाही, म्हणजे त्या २० मीटरचं मला काय कौतुक? वजन मात्र खुणावतं. डेअस पाऊण किलोच्या आसपास, लेजंड १.४ किलो. तासन्‌तास झुलवायचं तर खांदा हिशेब मागतोच.

खोलीसाठी जादा पैसे मोजायला मन तयार नाही. लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टावा हिस्सा. उलट मांडलं तर मशीन दुप्पट संवेदनशील केलं तरी खोली वाढणार जेमतेम १२ टक्के. मग महागात नेमकं मिळतं काय? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगावं, जाहिराती वाचून डोकं उठलंय.

प्रतिसाद:
खोलीचा हिशेब बरोबर आहे. फरक पडतो तो खिळ्यांच्या गर्दीत. जुन्या पडक्या वास्तूच्या आसपास फावडंभर मातीत चार गंजके खिळे आणि मध्ये एखादं नाणं, अशा जागी वरची मशीनं नाण्याचा आवाज सुटा काढून देतात. मॅन्टिकोरच्या स्क्रीनवर सिग्नलचा ठसा उमटतो, तो पसरट आहे की आटोपशीर, हे बघून खणायचं की नाही ते ठरवता येतं. बाटलीच्या झाकणांना ते बरंच उपयोगी पडतं. पण कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे स्क्रीनवरचे ओळख-आकडे कुठल्याही मशीनवर एकमेकांत मिसळतात. ज्याला अंगठी हवी त्याने कड्या खणाव्यात, सुटका नाही.

डेअसबद्दल एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. कॉइल वायरलेस आहे आणि रेडिओ लहरी पाण्यातून जात नाहीत. कॉइल पाण्यात बुडवायची तर अँटेनाची वायर दांड्यावरून वर न्यावी लागते. म्हणजे गुडघाभर पाण्यातसुद्धा.

तुमचा बहुतेक वेळ वाळूत जात असेल तर लेजंड घ्या, आणि उरलेल्या पैशांत चांगला वॉटरप्रूफ पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर). ओल्या वाळूत खड्डा भराभर ढासळतो, तिथे तो जास्त वेळ वाचवतो. खिळ्यांच्या जागाच जास्त असतील तर मात्र हात आखडता घेऊ नका.

शक्य असेल तर घ्यायच्या आधी एवढं करून बघा: जमिनीवर दोन खिळे, मध्ये नाणं, आणि कॉइल चारही दिशांनी फिरवा. दुकानातल्या टेबलावर नको, टेबलात लोखंड असतं.

धागाकर्ता:
वायरचं माहीत नव्हतं, आभार. वाळूच जास्त आहे, त्यामुळे लेजंडकडे कल झुकलाय. आता एवढंच सांगा, ओल्या वाळूसाठी सोबतची ११ इंची कॉइल ठेवू की मोठी घेऊ? मोठी कॉइल पाण्यात ओढायला जड जाते असं ऐकलंय.