पिझ्झा भट्टीचा घुमट: सिमेंट-रेती चालेल का कास्टेबलच लागेल?

कपाशी_ते_पिझ्झा:
हिंगणघाटजवळ शेतातल्या घरामागं लाकडावरची पिझ्झा भट्टी बांधतो आहे. ओटा झाला, तळाच्या फायरब्रिक बसल्या, आता घुमट. आतून व्यास ८० सेंमी, उंची ४०, जाडी ३ इंच. ओल्या रेतीच्या ढिगावर थापायचा विचार आहे. मिस्त्री म्हणतो १:३ सिमेंट-रेती घ्या, आत जाळी टाका. कास्टेबल (आगीत टिकणारं, हाय अॅल्युमिना सिमेंटचं तयार मिश्रण) आणलं तर किती थैल्या लागतील? मे महिन्यात थापलं तर जमेल का?

धग:
मिस्त्रीचं स्लॅबसाठी बरोबर आहे, भट्टीसाठी नाही. सिमेंटमधल्या चुन्याचं पाणी ४००-५०० अंशांत उडून जाते. मग पावसाळ्यात तोच चुना ओल ओढतो, फुगतो आणि पापुद्रे पिझ्झ्यावर पडतात. जाळीही नको, लोखंड कास्टेबलपेक्षा जास्त पसरते आणि आतून घुमट फोडते.

तुमच्या मापाला दार वजा करून साधारण ०.०८ घनमीटर माल लागेल. दाट कास्टेबल घनमीटरला २१०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे १७० किलो. २५ किलोच्या ८ थैल्या घ्या, सांडलवंड धरून. दाराची उंची २५ सेंमी ठेवा, घुमटाच्या उंचीच्या ६३ टक्के. जास्त ठेवली तर धग बाहेर, कमी ठेवली तर धूर कोंडतो.

चुनाभट्टी:
रेती ३, सिमेंट १, चुना १, फायर क्ले म्हणजे आगीत टिकणारी माती १ (घमेल्याच्या मापानं) हे मिश्रणही लोक वापरतात. स्वस्त पडते.

धग:
विटांच्या सांध्यांना ते चांगलं. अख्खा घुमट त्याचा ओतला तर भेगा पडणारच.

मे महिन्याचं ऐका. खरी गडबड तिथंच होते. ४५ अंशांत तापलेल्या थैल्या आणि टाकीचं गरम पाणी वापरलं तर माल घमेल्यातच दगड होते. थैल्या आदल्या दिवशी सावलीत, पाणी माठातलं, काम पहाटे. घमेलं-फावडं धुऊन घ्या. जुनं सिमेंट किंवा चुना चिकटलेला असला तर कास्टेबलमधलं हाय अॅल्युमिना सिमेंट झटक्यात आवळते. पाणी थैलीवर लिहिलं तेवढंच, बहुधा २५ किलोला अडीच-तीन लिटर. मुठीत गोळा करून वर उडवा, झेलल्यावर फुटला तर कोरडं, पसरला तर ओलं. जास्त पाणी म्हणजे कच्चा घुमट.

रेतीवर ओल्या वर्तमानपत्राचे दोनतीन थर लावा, नाहीतर रेती मालातलं पाणी शोषते. खालून वर, पूर्ण ३ इंच जाडीनं, मुठीनं ठोकत चढवा. पातळ थरावर थर दिले तर पापडासारखे सुटतात. एका दमात संपवा. थापीनं गुळगुळीत करू नका, वाफेला वाट राहत नाही. मग २४ तास ओली बारदानं.

कपाशी_ते_पिझ्झा:
रेती कधी काढायची? अन् पहिली आग?

धग:
दोन दिवसांनी दारातून हातानं, हळूहळू. मग आठवडाभर सावलीत वाळवा. पहिल्या दिवशी थोडे कोळसे, १०० अंशांच्या आसपास, पाचसहा तास. रोज थोडं थोडं वाढवत सहाव्या दिवशी ३०० पर्यंत. तुराट्या-पऱ्हाट्या या आठवड्यात लांबच ठेवा, त्या भकाभक पेटतात आणि आत अडकलेली वाफ तुकडा उडवते. केसाएवढी चीर चालते.

चुनाभट्टी:
वरून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट (धग अडवणारी लोकरीसारखी चादर) २ इंच लावा, हातमोजे आणि मास्क घालून. त्यावर प्लास्टर. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलची तुसाची राख भरतात, धग धरते, पण भिजली की गेली. ओटा काळ्या मातीवरच बसवला का?

कपाशी_ते_पिझ्झा:
नाही भाऊ, मुरूम लागेपर्यंत खोदलं, चार फूट.

चुनाभट्टी:
मग चांगलं झालं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा घुमट कितीही चांगला असला तरी तडकतोच.