साडेआठ लाखांत नवी डिझायर, की सव्वापाचात २०१९ची?

परळकर
मंडळी, घरात तीन आठवडे हा एकच विषय चाललाय, म्हणून शेवटी इथे आणतोय. चाळीचा टॉवर झाला, पार्किंग मिळालं, आणि ते रिकामं पार्किंग बघून बाबांचा जीव खालीवर होतोय. "शेजारचा आपल्या जागेत त्याची दुसरी गाडी लावतो," हे रोज एकदा ऐकतो.

वापर सांगतो. ऑफिसला मी लोकलनेच जाणार, त्यात बदल नाही. शनिवार-रविवार ठाण्याला बहिणीकडे, महिन्यातून एकदा बाबांचे गुडघ्याचे डॉक्टर, आणि गणपती-शिमग्याला कुडाळ. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर, फार तर. डिकी वेगळी असलेलीच गाडी हवी. गावाहून येताना फणस आमच्याबरोबर येतो, आणि त्याचा वास पनवेलपर्यंत मागच्या सीटवर घ्यायची आता कोणाची तयारी नाही.

समोर तीन पर्याय आहेत:
नवी मारुती डिझायर, व्हीएक्सआय, पेट्रोल मॅन्युअल. हातात आलेलं कोटेशन ऑन-रोड साडेआठच्या आसपास.
२०१९ची डिझायर, पेट्रोल, एमएच ०२, ३१ हजार किलोमीटर, एकच मालक. सव्वापाच सांगतोय.
२०२१ची होंडा अमेझ, पेट्रोल सीव्हीटी (म्हणजे ऑटोमॅटिक), साडेसहा.

माझं मत जुनीकडे झुकलंय. वर्षातले बहुतेक दिवस जी गाडी उभीच राहणार, तिच्यात साडेआठ लाख का अडकवायचे? बायकोचं मत बरोबर उलटं. बोला.

हिशेबनीस
तुमच्या बाजूने. नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये गाडी नसलेली किती रक्कम आहे ते एकदा वेगळं काढा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स. सव्वासात लाखांच्या गाडीवर ऐंशी हजार तिथेच गेले. वर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. जुन्या गाडीचा टॅक्स पहिल्या मालकाने भरून ठेवलाय, तुम्हाला फक्त नाव बदलायचं.

आणि घसारा बघा. विमा कंपनीच्या तक्त्यातच गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर २० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के उतरलेली असते. बाजारात डिझायर इतकी पडत नाही हे मान्य, पण ती पडझड दुसऱ्याने सोसलेली गाडी घेण्यात शहाणपण आहे. उरलेल्या सव्वातीन लाखांची एफडी करा आणि तिच्या व्याजावर कुडाळच्या फेऱ्या मारा.

वसईची_वाट
हिशेबनीस, तुमच्या वहीत माणसाची किंमत कुठल्या रकान्यात लिहिता?

मी रोज वसई ते अंधेरी गाडी चालवते, म्हणून बोलतेय. नवी डिझायर, म्हणजे नोव्हेंबर २०२४ला आलेली चौथी पिढी, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार घेऊन आली. मारुतीची पाच स्टारवाली ती पहिली गाडी. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सगळ्या व्हेरियंटना, अगदी खालच्यालाही. २०१९च्या गाडीत एअरबॅग दोन. परळकर, तुम्ही रोजच्या ट्रॅफिकमध्ये ताशी वीसने चालवणार असता तर मी गप्प बसले असते. पण तुमचा बराच वापर मुंबई-गोवा हायवेचा आहे. रात्रीचा प्रवास, समोरून हाय बीम मारत येणारा ट्रक, आणि मागे आईवडील. वहिनींचं ऐका.

इंजिनवेडा
दोघंही "नवी की जुनी" करताय. प्रश्न पिढीचा आहे, तेव्हा जरा मागून सुरू करतो. थोडं लांबेल.

पहिली डिझायर २००८ची. स्विफ्टला मागून डबा जोडल्यासारखी दिसायची, पण लांबी चार मीटरपेक्षा जास्त आणि डिकी ४४० लिटरची. मग चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत (पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत), म्हणून २०१२च्या दुसऱ्या पिढीची शेपूट कापली. लांबी ३९९५ मिमी, डिकी ३१६ लिटर. ती गाडी बाजूने बघा, सरकारी धोरण पत्र्यावर उमटलेलं दिसेल. या दोन्ही पिढ्यांत फियाटचं १२४८ सीसी डिझेल होतं. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

तिसरी पिढी मे २०१७ची. इथे पहिल्यांदा डिझायर सेडान म्हणून आखली गेली. रुंदी १७३५ मिमी झाली, डिकी ३७८ लिटर, मागे गुडघ्यांना जागा. नावातलं "स्विफ्ट"ही गेलं. एप्रिल २०२०ला बीएस सिक्स (प्रदूषणाचा कडक नियम) आलं आणि डिझेल बंद झालं. पण त्याच वर्षी पेट्रोलला नवं ड्युअलजेट इंजिन मिळालं, चार सिलिंडर, ताकद ९० पीएस. माझ्या मते डिझायरला मिळालेलं सगळ्यात गोड इंजिन हेच. सिग्नलला उभं राहिलं की चालू आहे की बंद ते स्टिअरिंगला हात लावून कळत नाही.

चौथ्या पिढीत तेच काढून तीन सिलिंडरचं आणलं, ८२ पीएस. मायलेज वाढलं, कंपनीचा आकडा लिटरला २४.७९ किलोमीटर. पण बांधणीचा तोल तीन सिलिंडरला जन्मजात कमी. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना गिअरच्या दांडीवर हात ठेवा, कळेल.

म्हणून परळकर, २०१९ची नको आणि नवीही नको. २०२१ किंवा २०२२ची तिसरी पिढी शोधा.

वसईची_वाट
गिअरच्या दांडीच्या थरथरीने कोणी हॉस्पिटलात जात नाही. बाकी इतिहास आवडला.

जुनंतेसोनं
सव्वापाचात होंडा सिटी सोडून डिझायर? २०१४ला आलेली चौथी सिटी, १४९७ सीसी, ११९ पीएस, डिकी ५१० लिटर. फणस काय, झाडच घालून आणा. सव्वापाचात २०१६-१७ची नीट ठेवलेली मिळते. एकदा सिटीत मागे बसलेला माणूस डिझायरला सेडान म्हणत नाही. शिवाय डिझायर म्हणजे टॅक्सी. गावात पोचलात की लोक विचारतील, "भाडा किती झाला?"

हिशेबनीस
सिटीची लांबी ४४४० मिमी. परळकरांचं पार्किंग कसलं आहे ते आधी विचारा. आणि २०१६च्या गाडीची नोंदणी २०३१ला संपणार, मग पुन्हा पासिंग, पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

जुनंतेसोनं
२०३१ला कोणी बघितलंय.

परळकर
पार्किंगचं सांगायचं राहिलं. स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे गाड्या एकावर एक, आणि आमचा नंबर खालच्या पिटमध्ये, जमिनीखालच्या खड्ड्यात. पाऊस जोरात झाला की पिटमध्ये पाणी येतं. पंप आहेत. ते चालू असतात की नसतात, यावर सोसायटीच्या सभेत दोन गट आहेत. हिंदमाता आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, यातच सगळं आलं.

सीएनजीवाला
हाहा! मग तर जुनीच घ्या. नवी गाडी त्या हौदात बुडवणार का? :)

बाकी सीएनजीचं कोणीच कसं बोललं नाही?

हिशेबनीस
वर्षाला सात हजार किलोमीटरला सीएनजी? जास्तीचे पैसे वसूल होईपर्यंत परळकर रिटायर होतील. शिवाय टाकी डिकीत. फणस पुन्हा मागच्या सीटवर.

वसईची_वाट
पिट असेल तर जुनी असो नवी असो, विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जास्तीचं कव्हर घ्याच. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन बसलं तर क्लेम नाकारतात. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असतं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून पुढचा खर्च लाखात. माझ्या दिराने २०१७च्या २९ ऑगस्टला हेच केलं. तीनदा चावी फिरवली. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो अजून सांगतो.

आता एक विचारते. जिथे अशी पार्किंग आहेत त्याच शहरातल्या जुन्या गाड्या तुम्ही बघताय. त्यातली कुठली पोहून आलीय, तुम्हाला कसं कळणार?

इंजिनवेडा
कळतं. कार्पेट कोणीही धुतो, परफ्यूम कोणीही मारतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पार टोकापर्यंत. जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथे गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे नट बघा, स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघा, फ्यूजबॉक्सच्या पिनांवर हिरवट बुरशी बघा.

टायरचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. गाडी ३१ हजार चाललेली सांगतात आणि चारही टायर गेल्या वर्षीचे असतील, तर मीटर खोटं बोलतंय किंवा माणूस. सर्व्हिस हिस्टरी अधिकृत सेंटरमधून काढा.

परळकर
हे सगळं लिहून घेतलं. अमेझबद्दल कोणीच बोललं नाही?

इंजिनवेडा
२०१८ची पिढी, डिकी ४२० लिटर, सीव्हीटी मखमली. हायवेला ओव्हरटेक करताना आधी आवाज येतो, मग वेग येतो. गिअरबॉक्सचं तेल पहिल्या मालकाने वेळेवर बदललं असेल तर बिनधास्त घ्या. बिल बघितल्याशिवाय नाही.

हिशेबनीस
माझ्याच बाजूच्या विरुद्ध एक मुद्दा टाकतो, प्रामाणिकपणा म्हणून. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचा व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो. आणि पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या, २०१९ची नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे दहा टक्के मिश्रणावरून विसावर गेलात की मायलेजला तीनेक टक्के कात्री. त्याने बिघडत नाही. पण बहुतेक दिवस उभ्या गाडीत तेच पेट्रोल साचून राहणार, रबरी पाइपांवर नजर ठेवावी लागेल.

सीएनजीवाला
आणि जुन्या गाड्या मुंबईत बंदच होणार आहेत ना? डिझेल दहा, पेट्रोल पंधरा वर्षं?

इंजिनवेडा
तो दिल्लीचा नियम. मुंबईत जानेवारी २०२५ला हायकोर्टाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का असं विचारलं, आणि सरकारने समिती नेमली. समिती म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

परळकर
आज गाडी बघून आलो, ती २०१९ची. पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे. बाबांना सोबत नेलं होतं.

गाडी चकचकीत. सीटकव्हर नवी, डॅशबोर्डवर गणपती, आत लिंबाचा वास इतका की डोळे चुरचुरले. टायर कंपनीचेच, १९१९. पत्र्याचा रंग सगळीकडे एकसारखा. बाबा मागे बसले, उतरताना दरवाजाच्या चौकटीला धरून उठले आणि म्हणाले, "जमेल." मी मनातल्या मनात पाच लाखांवर आलो होतो.

मग ड्रायव्हरचा बेल्ट ओढला. स्वच्छ, नवा म्हणावा असा. इथेच थोडी शंका आली. मागचा डावा ओढला तर हात-दीड हात जास्त ओढल्यावर पट्ट्यावर तपकिरी रेघ, बोटभर जाडीची, वर फिकट होत गेलेली. नखाने खरवडली तर भुकटी पडली. मी विक्रेत्याकडे बघितलं. तो म्हणाला, "चहा सांडला असेल."

बाबा गिरणीत तीस वर्षं कापड तपासायचे. त्यांनी पट्टा बोटांत धरला, वास घेतला आणि खाली सोडला. चहा नाही, एवढंच म्हणाले आणि चालायला लागले.

वसईची_वाट
झालं ना? उद्या शोरूमला जा.

हिशेबनीस
का म्हणून? तपासल्यावर वाईट गाडी सापडली, याचा अर्थ तपासणी चालते. एक आंबा नासका निघाला म्हणून पेटीच घ्यायची नाही का?

वसईची_वाट
पेटी तुम्ही घ्या. आंबा त्यांच्या वडिलांच्या हातात होता.

जुनंतेसोनं
सिटी. पुन्हा एकदा सांगतो. सिटी.

परळकर
घरी अजून एकमत नाही. बायकोने नव्याच्या टेस्ट ड्राइव्हसाठी शनिवार सकाळ घेतलीय. रविवारी बोरिवलीला २०२१ची ड्युअलजेट बघायला जातोय, डॉक्टरांचीच गाडी आहे, मधे विक्रेता नाही, विम्याची आणि सर्व्हिसची कागदपत्रं त्यांनी फोनवर पाठवली आहेत. विम्यातला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) त्यांच्याच नावावर राहणार हे आधीच बोलून घेतलं. थकलेले ई-चलान त्यांनी भरायचे. किंमत सहा-वीस.

बाबा म्हणाले, बेल्ट मी ओढणार.