मदत हवी आहे: जुन्या घडीच्या चाकूचं पातं हलतंय

आजोबांच्या पेटीतला दोन पात्यांचा घडीचा चाकू दुरुस्त करायला घेतलाय. कार्बन स्टीलची पाती, हाडाची मूठ, आत पितळी पट्ट्या. सांध्यात इतका गंज होता की पातं नखाने उघडेचना. आठवडाभर रोज मिनरल ऑइलचे दोन थेंब सोडून थोडं थोडं उघडमीट केलं. आधी तांबडं तेल आलं, मग काळं, आणि परवा पातं ‘खट्’ करून जागेवर बसलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

वरचा गंज तेल लावून ०००० नंबरच्या स्टील वूलने काढला. खालची करडी झाक मुद्दाम ठेवली आहे. ती पात्याला जपते, आणि बफ मारला तर पात्यावरचा कंपनीचा शिक्काही पुसट होईल. जुन्या चाकूंना आरशासारखं चमकवणं मला पटतच नाही.

आता अडचण. मोठं पातं उघडल्यावर डावी-उजवीकडे हलतं. वर-खाली नाही, म्हणजे स्प्रिंग ठीक असावी आणि सांध्याची पिन सैल झाली असावी. पिनचं डोकं हलक्या ठोक्यांनी पसरवायचं असतं हे माहीत आहे, पण इथे ती निकल सिल्व्हरच्या बोल्स्टरमध्ये (मुठीच्या टोकाला, सांध्यावर असलेल्या धातूच्या टोपीत) घासून इतकी एकजीव केलीय की दिसतच नाही. ती नेमकी शोधायची कशी? आणि जास्त ठोकलं जाऊन पातं जाम होऊ नये म्हणून पातं आणि पितळी पट्टीच्या मध्ये पातळ पत्रा सरकवावा का? हाडाला आधीच केसाएवढी चीर आहे, तिची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.