ओरछ्याला मुक्काम हवाच

झाशीहून मध्य प्रदेशातलं ओरछा गाव अर्ध्या दिवसात उरकतं असं म्हणतात, ते काही पटलं नाही. अंतर जेमतेम 15-20 किलोमीटर, खरंय. पण रामराजा मंदिरातली संध्याकाळची आरती हुकते त्याचं काय? इथे रामाला राजा मानतात, म्हणून पोलिसांची सशस्त्र सलामी असते. देऊळ म्हणजे मुळात ओरछ्याच्या राणीचा महाल. रामाच्या मूर्तीसाठी बांधलेलं भव्य चतुर्भुज मंदिर शेजारीच आहे, पण आख्यायिका अशी की रामराजा महालातून हललेच नाहीत! जहांगीर महाल सगळेच बघतात. लक्ष्मी मंदिर मात्र गावाबाहेर टेकाडावर, म्हणून राहून जातं. तिथल्या भित्तिचित्रांत पुराणकथांच्या जोडीला बंदुकधारी गोरे शिपाईही आहेत. आणि झाशीत किल्ला बघून लगेच निघू नका, लक्ष्मी तलावाजवळ राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव यांची छत्री (समाधी-स्मारक) आहे.