मदत हवी आहे: सूर्यास्ताला बारा वाजवणारी घड्याळं

मंडळी, भाच्याने बोस्नियातल्या सारायेव्होहून गाझी हुस्रेव बेग मशिदीशेजारच्या घड्याळ-मनोऱ्याचा फोटो पाठवलाय. जूनमधलं लख्ख ऊन, मोबाइलवर दुपारचे चार, आणि मनोऱ्यावर काटे साडेसातवर! मला वाटलं, बंद पडलंय. पण नाही, ते अजून जुन्या ऑटोमन (म्हणजे तुर्की साम्राज्याच्या) पद्धतीने चालतं: सूर्य मावळला की बारा. (आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तिकडे हिशोब सूर्यास्तापासून.) सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून घड्याळही सतत जुळवून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी खास माणूस असतो, मुवेकित.

माझं अडलंय ते पुढे. ऑटोमन सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदच्या राज्यारोहणाला 25 वर्षं झाली तेव्हा गावोगावी असे मनोरे उभे राहिले. तुर्कस्तानातल्या इझमीरचा 1901 सालचा तर प्रसिद्धच. तुर्कस्तानने 1926 मध्ये जुनी वेळ सोडली. मग मधल्या काळात रेल्वे, तारखातं यांची युरोपीय वेळ आणि बाजारातली सूर्यास्ताची वेळ यांचा मेळ लोक कसा घालत? एकाच मनोऱ्यावर दोन वेळांच्या तबकड्या असत का?

कुणी अनातोलिया, सीरिया किंवा बाल्कनमधल्या छोट्या गावांबद्दल वाचलं असेल तर कृपया सांगा. जुने फोटो असतील तर उत्तमच, फक्त तबकडी नीट दिसायला हवी.