पंचविशी, पुणे आणि उद्यमबाग

‘पंचविशीपर्यंत पुणं गाठलं नाही तर बेळगावातच कुजायला होतं,’ असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. अर्धं पटलं. पुण्यात पगार जास्त हे खरं आहे, बाकीचं नाही. मी खानापूर तालुक्यातला, शिक्षण मराठी माध्यमात, आणि चोवीसाव्या वर्षी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये लागलो. ड्रॉइंग इंग्रजीत, मालक मराठी, पण शिफ्टमधली निम्मी माणसं कन्नड. पहिले दोन महिने डबा खाताना मी आपला गप्प. मग शेजारच्या लेथवरचे काका रोज ‘ऊट आतेन्री?’ (जेवण झालं का?) विचारायचे, त्यातनं सुरुवात झाली. आता व्हर्निअरचं माप कन्नडमधनं ओरडून सांगतो, आणि घरी फोनवर कन्नड बोललो की आई म्हणते, ‘काय रे, भांडायलायस काय फोनवर?’

एक गोष्ट इथं कुणीच लिहिली नाही. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांपैकी एखाद्या गावात 15 वर्षं वास्तव्य असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. जाहिरातीत अधिवासाच्या अटीखाली बारीक अक्षरात असतं. फक्त तो वास्तव्याचा दाखला आधी काढून ठेवा. मी शेवटच्या आठवड्यात धावाधाव केली, चार खेपा झाल्या, आणि दाखला हातात आला तोवर अर्जाची मुदत संपून दोन दिवस झाले होते. फाईलमध्ये आहे अजून, लॅमिनेट करून.