पी ००११ कोड, गरम झाल्यावर आयडलिंगला बंद पडते: व्हीव्हीटी सोलेनॉइड बदलू की चेन किटही टाकू?

टिळकवाडी_पेट्रोल:
नमस्कार मंडळी. २०१४ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, व्हीव्हीटी (वॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) फक्त इनटेक कॅमला, म्हणजे हवा आत घेणारे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला. ९० हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. चेक लाईट लागलाय, स्कॅनरवर पी ००११ हा एकच कोड. सकाळी थंड इंजिनला काही तक्रार नाही. गरम झाली की आयडलिंग ६०० ते ९०० आरपीएममध्ये खालीवर होतं आणि चन्नम्मा सर्कलच्या सिग्नलला कधी कधी बंद पडते. चोर्ला घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरात पिकप नाही. गॅरेजवाले म्हणतात सोलेनॉइड बदला, आणि उघडतोच आहोत तर टायमिंग चेन किटही टाका. चेनचा आवाज अजिबात नाही. चेन खरंच लागेल काय? आणि सोलेनॉइड घरी बदलता येतो काय? गोटी पान्यांचा सेट आणि मल्टिमीटर आहे.

गोटीपाना:
चेन किटला आत्ता नाही म्हणा. चेन ताणली गेली असती तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा पी ००१६ बहुधा सोबत आला असता, आणि थंड स्टार्टला पहिले एक-दोन सेकंद खडखड ऐकू आली असती. दोन्ही नसताना पुढचं कव्हर उघडणं म्हणजे विनाकारण खर्च.

आता कोड नीट वाचूया. पी ००१० आला असता तर दोष वायरिंगचा किंवा सोलेनॉइडच्या कॉइलचा. पी ००११ म्हणजे ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितलं त्याहून कॅम पुढे गेला आणि तिथंच राहिला. सोलेनॉइड स्वतः कॅम फिरवत नाही, तो नुसता ऑइलचा वॉल्व्ह आहे. ऑइलचा दाब कुठल्या वाटेने सोडायचा एवढंच तो ठरवतो. कॅम फिरवतो तो कॅमच्या टोकाचा फेजर, आणि तोही त्या दाबावरच. म्हणून या कोडला पहिला संशय वॉल्व्हच्या आतल्या दांडीवर, म्हणजे स्पूलवर, आणि ऑइलवर घ्यायचा.

तुमची लक्षणं जुळतातही. थंड असताना ईसीयू व्हीव्हीटी चालवत नाही, कॅम मागे लॉक असतो, म्हणून गाडी बरी वाटते. गरम झाल्यावर कॅम पुढे घेतला जातो आणि आयडलिंगला परत येताना स्पूल चिकटतो. मग इनटेक वॉल्व्ह लवकर उघडतो, जळालेला गॅस सिलेंडरात उरतो, आणि कमी आरपीएमला इंजिन टिकत नाही. घाटातला पिकप मात्र दुसऱ्या कारणाने जातो: कोड पक्का झाला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू व्हीव्हीटीचा कारभारच थांबवतो.

सुटा भाग घेण्याआधी तीन गोष्टी करा. गाडी सपाटीवर लावून डिपस्टिक बघा. ऑइल खालच्या खुणेखाली असेल तर आधी ते भरा आणि कोड पुसून पुन्हा बघा. मग सोलेनॉइडचा कनेक्टर काढून दोन पिनांमध्ये रोध मोजा. टोयोटाच्या व्हीव्हीटी-आय वॉल्व्हला २० अंशांना ६.९ ते ७.९ ओहम असतो, इतर बऱ्याच गाड्यांत ७ ते १२ च्या दरम्यान. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा शून्याजवळ असेल तर कॉइल गेली. तिसरी चाचणी खरी कामाची: इंजिन गरम आणि त्रास चालू असताना कनेक्टर काढा. स्पूल मोकळा असेल तर स्प्रिंग त्याला मागे आणते आणि आयडलिंग सुधारतं. तसंच रखडत राहिलं तर स्पूल अडकला आहे, नाहीतर फेजर.

निपाणी_डिझेलपेट्रोल:
वरच्या सगळ्याशी सहमत. ऑइलबद्दल जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे खरा घोळ तिथंच आहे.

गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका, हा सल्ला अजून सर्रास मिळतो. व्हीव्हीटी इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकलं तर बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नाही आणि फेजर ढिम्म होतो. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच टाका. कंपनीने या वाटा त्याच ऑइलसाठी आखलेल्या असतात.

दुसरं म्हणजे किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. गळीत हंगामात चिकोडी, अथणीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत जाताना इंजिन तासन्‌तास चालतं, आकडा मात्र हलत नाही. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ऑइल पूर्ण तापतच नाही, पाण्याचा अंश आत राहतो आणि गाळ धरतो. अशा वापराला १० हजार किलोमीटरची वाट न बघता ५ ते ६ हजारांत ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

गाळ जास्त दिसला तर इंजिन फ्लश ओतू नका. एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीवर बसतो, पंपाला ऑइल कमी पडतं आणि प्रकरण बेअरिंग खराब होण्यापर्यंत जातं. योग्य ग्रेडचं ऑइल टाकून हजार-दीड हजार किलोमीटरला काढा, पुन्हा एकदा तसंच करा. वेळ लागतो, पण इंजिन वाचतं.

खानापूर, कणकुंबी भागात पावसाळ्यानंतर पी ००१० आला तर मात्र आधी कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवा गंज हमखास सापडतो.

टिळकवाडी_पेट्रोल:
खूप आभार. ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे, पण काळं आणि घट्ट. रोध ७.४ ओहम. गरम असताना कनेक्टर काढला तरी आयडलिंग तसंच. म्हणजे स्पूलच ना? काढताना काय जपायचं?

गोटीपाना:
स्पूलच असण्याची शक्यता जास्त. इंजिन कोमट होऊ द्या, बॅटरीची मायनस काढा. टायमिंग चेनच्या बाजूला हेडवर एका १० नंबर बोल्टने धरलेला, दोन वायरींचा भाग शोधा. सगळ्यात आधी भोवतालची धूळ ब्रशने आणि फडक्याने साफ करा. ती आत गेली तर थेट ऑइलच्या वाटेत. खाली बेल्टवर फडकं अंथरा, थोडं ऑइल सांडणारच.

कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. बोल्ट काढल्यावर सोलेनॉइड डावी-उजवीकडे फिरवत वर घ्या. स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर प्लास्टिक फुटेल किंवा हेडच्या ॲल्युमिनियमला चर पडेल. बाहेर आल्यावर त्याच्यावर ओ-रिंग आहे का बघा. ती भोकातच राहिली आणि वर नवी बसवली तर गळती पक्की.

आता वॉल्व्हवरची जाळी तपासा. काही इंजिनांत ती हेडमध्ये वेगळ्या बोल्टखाली असते, तीही काढून बघा. फाटलेली असेल तर तुकडे फेजरकडे गेलेत असं समजा. मग ५ ॲम्पिअरचा फ्यूज मध्ये घालून १२ व्होल्ट एक-दोन सेकंदच द्या. वॉल्व्हच्या खिडकीतून (ऑइल जायच्या भोकातून) बघा, स्पूल पूर्ण सरकून पूर्ण परत आला पाहिजे. जास्त वेळ दिलात तर कॉइल तापते.

टिळकवाडी_पेट्रोल:
काढला. जाळीवर काळा गाळ, फाटलेली नाही. १२ व्होल्टला टक आवाज येतो, पण स्पूल अर्ध्यावरून परत येत नव्हता. कार्ब क्लीनरने धुतल्यावर पूर्ण सरकतोय. हाच परत बसवू की नवा घेऊ?

निपाणी_डिझेलपेट्रोल:
स्पूलवर उभे ओरखडे दिसले तर नवाच. गुळगुळीत असेल तर धुतलेला चालतो, पण नवी ओ-रिंग घालून आणि ऑइल बदलूनच. नवा घेतलात तर चासी नंबर देऊन पार्ट नंबर जुळवून घ्या. दिसायला सारखा पण आतल्या खिडक्या वेगळ्या, असे वॉल्व्ह असतात, आणि बोल्टही बसतो.

गोटीपाना:
९० हजारांच्या गाडीला मी नवाच टाकेन. धुतलेला आज सरकतो, पण स्प्रिंग आणि अंतर्भागाची झीज डोळ्यांना दिसत नाही. ओ-रिंगला इंजिन ऑइल लावा, सिलिकॉन अजिबात नको, त्याचे कण ऑइलच्या वाटेत जातात. हाताने दाबून पूर्ण खाली बसवा, बोल्टने खेचून बसवू नका. बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या रॅचेटने मनगटाचा जोर. हेडमधले आटे गेले तर काम वाढतं.

नंतर कोड पुसा, दहा मिनिटं आयडलिंगला ठेवून गळती बघा. पूर्ण तापल्यावर स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये कॅमचा मागितलेला आणि प्रत्यक्ष कोन शेजारी लावा. २,००० आरपीएमला नेऊन सोडल्यावर दोन्ही आकडे बरोबर खाली आले तर झालं. ऑइल ताजं असूनही प्रत्यक्षचा आकडा मागेच रेंगाळत राहिला, तर फेजर तपासायचा, आणि त्यासाठी मात्र चेन कव्हर उघडावं लागेल.